नकाशा चिलटाचा, आराखडा एआयचा?

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगातली खालची फळं दबून सडायला लागली की त्यांच्याभोवती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटं जमतात. हातानं हाकलली तरी क्षणात परत येतात. या जातीच्या चिलटाच्या मेंदूतली तार न् तार आता मोजून झाली आहे आणि तो नकाशा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. (आपल्याकडचे बागायतदार जिला फळमाशी म्हणून शिव्या घालतात ती ही नव्हे. ती बॅक्ट्रोसेरा, झाडावरच्या चांगल्या फळात अंडी घालणारी. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे आंबलेल्या वासामागं येणारं हे चिलट.)

मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात १,३९,२५५ न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, आणि त्यांच्यात पाच कोटींहून जास्त जोड, म्हणजे सिनॅप्स. फ्लायवायर प्रकल्पानं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये हा सगळा पट मांडला. तेव्हापासून एक प्रश्न हमखास विचारला जातो: मेंदूचं वायरिंग हातात आलं, तर त्यावरून एआय बांधता येईल ना?

जसंच्या तसं उतरवून, नाही. बांधकामाचा आराखडा म्हणून हा नकाशा जवळपास कुचकामी आहे. चाळणी म्हणून मात्र त्याला तोड नाही. एखादं काम करू शकतील अशा न्यूरॉनच्या हजारो जाळ्यांमधून (न्यूरल नेटवर्कमधून) तो पटापट नको ती गाळतो. पण चाळणीत वरून काहीतरी ओतावं लागतं, आणि ते 'काहीतरी' नकाशात नसतं.

असं का, हे कळायला नकाशा कसा बनतो ते आधी बघावं लागेल.

मेंदू काढून ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टिकवतात. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ते पेशीच्या स्निग्ध आवरणाला चिकटतं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात आवरण काळं दिसतं. तुकडा मोठा असेल तर ऑस्मियम आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो. घाई केली की बाहेरचा भाग गडद आणि गाभा कोरा राहतो, आणि हे कळतं ते महिनाभरानं, काप काढल्यावर. त्यानंतर पाणी काढून रेझिनमध्ये बसवायचं आणि हिऱ्याच्या सुरीनं काप काढायचे. चिलटाच्या मेंदूचे काप ४० नॅनोमीटर जाडीचे होते, साधारण ७,००० काप. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दोनेक हजार काप बसतील. प्रत्येक कापाचे फोटो ४ नॅनोमीटरला एक पिक्सेल या हिशेबानं काढायचे आणि ते एकावर एक अचूक बसवायचे.

बिघडतं ते इथेच. न्यूरॉनची सगळ्यात बारीक फांदी कापाच्या जाडीएवढीच, ४०-५० नॅनोमीटरची असते. एका कापाला घडी पडली, सुरी थरथरली किंवा रंगाचा कण बसला, की फांदी तिथे तुटते. संगणक प्रत्येक न्यूरॉनला वेगळा रंग देत जातो तेव्हा दोन प्रकारच्या चुका होतात: एक न्यूरॉन दोन तुकड्यांत मोडणं आणि दोन न्यूरॉन एकात मिसळणं. मोडलेला तुकडा फार त्रास देत नाही, कारण तो अनाथ लोंबकळतो आणि सापडतो. मिसळलेले दोन मात्र घात करतात. एक चुकीची गाठ हजारो खोटे जोड तयार करते आणि नकाशा वरवर ठीकच दिसतो. म्हणून शेवटी माणसं बसवावी लागतात. फ्लायवायरच्या मुद्रितशोधनाला, हो, याला 'प्रूफरीडिंग' असंच म्हणतात, सुमारे ३३ मनुष्य-वर्षं लागली. त्यात जगभरच्या प्रयोगशाळांबरोबर हौशी लोकही होते.

आकाराचा अंदाज हवा असेल तर गुगल आणि हार्वर्डमधल्या जेफ लिक्टमन यांच्या गटानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला माणसाच्या मेंदूचा तुकडा घ्या. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढावा लागलेला, एक घन मिलिमीटर. त्यात ५७,००० पेशी, सुमारे १५ कोटी जोड आणि १.४ पेटाबाइट डेटा. एक टेराबाइटच्या १,४०० हार्ड डिस्क. अख्खा मेंदू साधारण १२ लाख घन मिलिमीटरचा. गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

आता या फोटोंमध्ये काय येत नाही ते पाहू. नागपूर स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगचा वरून ड्रोननं फोटो काढला, तर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रूळ कुठे एकमेकांना छेदतात ते अगदी स्पष्ट दिसेल. कुठली गाडी किती वाजता येते, सिग्नल कुणाला आधी मिळतो, कुठली मालगाडी तासभर बाजूला उभी करून एक्स्प्रेस सोडतात, हे त्यात दिसणार नाही. वेळापत्रक रुळांवर लिहिलेलं नसतं. वायरिंगच्या नकाशाचंही तसंच आहे. दोन न्यूरॉनमध्ये ३० जोड आहेत हे दिसतं. त्यातला प्रत्येक किती जोरानं ढकलतो, ते दिसत नाही. ढकलतो की आवरतो हेही थेट दिसत नाही, कारण ते जोडाच्या रसायनावर आणि पलीकडच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) ठरतं. न्यूरॉन किती वेळ संकेत धरून ठेवतो, किती वेळानं पुन्हा उडू (म्हणजे संकेत सोडू) शकतो, या वेळा नाहीत. विद्युत-जोड ४० नॅनोमीटरच्या कापात नीट ओळखू येत नाहीत. आणि शिकताना कुठला जोड कुठल्या नियमानं बदलतो, म्हणजे एआयवाल्यांना ज्याची खरी भूक आहे, ते तर स्थिर फोटोत असणंच शक्य नाही.

याचा जुना पुरावा सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याच्या सगळ्या ३०२ न्यूरॉनचा नकाशा छापला: साधारण ५,००० रासायनिक जोड, ६०० विद्युत-जोड आणि स्नायूंकडे जाणारे २,०००. हातानं लिहिलेला ० ते ९ मधला एक आकडा ओळखायच्या पहिल्या धड्यात २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ पिक्सेल असतात. कृमीचे न्यूरॉन त्याच्या निम्मेही नाहीत. तरी नकाशा हाती येऊन पस्तिशी उलटली आणि तो कृमी संगणकात त्याच्या सगळ्या सवयींसह जिवंत झालेला नाही. २०२३ मध्ये प्रिन्स्टनमधल्या अँड्र्यू लायफर यांच्या गटानं एकेक न्यूरॉन प्रकाशानं चेतवून बाकीच्यांत काय उमटतं ते मोजलं. नकाशावरून बांधलेला अंदाज आणि मोजलेलं उत्तर बऱ्याच ठिकाणी जुळलं नाही. एक मोठं कारण म्हणजे न्यूरोपेप्टाइड. ही रसायनं तारेशिवाय, आजूबाजूच्या द्रवातून पसरत दूरच्या न्यूरॉनपर्यंत पोचतात. नकाशात त्यांची रेघच नाही.

मेंदूशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांचं खेकड्यावरचं काम याहून जास्त बोचतं. खेकड्याच्या जठराचे स्नायू हलवणारी तीसेक न्यूरॉनची एक गाठ असते, तिचं वायरिंग कित्येक दशकं माहीत आहे. २००४ मध्ये मार्डर यांच्या गटानं त्या जाळ्याच्या एका छोट्या प्रतिकृतीत आकडे बदलून बदलून सुमारे दोन कोटी रूपं चालवून पाहिली. जोडण्यांचा साचा तोच. तरी एकमेकांशी काही मेळ नसलेले आकडे भरून जवळपास एकसारखा ताल निघत होता. आणि प्रत्यक्ष प्राण्यात उलटंही घडतं: तेच वायरिंग, वर वेगळं रसायन सोडलं की वेगळा ताल. म्हणजे एका नकाशाची अनेक वागणी आणि एका वागण्याला आकड्यांचे अनेक संच.

'अजून डेटा आला की सगळं उलगडेल' या भाबडेपणावर सगळ्यात गमतीदार घाव एरिक जोनास आणि कॉनराड कॉर्डिंग यांनी २०१७ मध्ये घातला. त्यांनी जुन्या व्हिडिओ गेममधली ६५०२ ही चिप घेतली. तिचे ३,५१० ट्रान्झिस्टर आणि त्यांच्यातली प्रत्येक तार माहीत आहे. म्हणजे पूर्ण वायरिंग, शिवाय प्रत्येक क्षणाचं व्होल्टेज. मेंदूवाल्यांना स्वप्नातही न मिळणारा डेटा. त्यावर मेंदूशास्त्रातल्या नेहमीच्या पद्धती चालवल्या, एकेक ट्रान्झिस्टर बंद करून कुठला गेम अडतो ते पाहिलं. काही ट्रान्झिस्टर बंद केल्यावर फक्त 'डाँकी काँग' अडला. मग काय, ते डाँकी काँगचे ट्रान्झिस्टर झाले! चिप कशी चालते यातलं काहीही त्यातून कळलं नाही.

इथपर्यंत वाचून नकाशे गुंडाळून ठेवावेत असं वाटेल. पण चाळणीत काय ओतायचं ते नीट ठरवलं की चित्र पालटतं.

यान्ने लाप्पालाइनेन, श्रीनिवास तुरागा, याकोब माके आणि सहकाऱ्यांचं २०२४ चं काम याचा उत्तम नमुना. त्यांनी चिलटाच्या दृष्टिकेंद्रातल्या ६४ पेशी-प्रकारांचं वायरिंग घेतलं. डोळ्याच्या प्रत्येक भिंगामागं तोच साचा पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे जाळ्यात ४५ हजारांवर न्यूरॉन असले तरी अज्ञात आकडे न्यूरॉनगणिक नाहीत, प्रकारागणिक आहेत. एका प्रकाराच्या सगळ्या न्यूरॉनना एकच वेळ-स्थिरांक, म्हणजे संकेत किती वेळ टिकतो तो आकडा. 'या प्रकाराकडून त्या प्रकाराकडे' या जोडीला एकच ताकद, ती मोजलेल्या जोडांच्या संख्येनं गुणायची. असं करत अज्ञात आकडे सातशेच्या घरात आले. मग या जाळ्याला एक काम दिलं: व्हिडिओत काय कुठल्या दिशेनं सरकतंय ते सांग. आकडे शिकवले आपल्या नेहमीच्या ग्रेडियंट डिसेंटनं, म्हणजे चूक मोजत आकडे थोडे थोडे सरकवत. शिकून झाल्यावर आतले न्यूरॉन तपासले, तर टी४ आणि टी५ या पेशी दिशा ओळखत होत्या. जिवंत चिलटात त्या तेच करतात हे आधीपासून माहीत होतं, पण जाळ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. वायरिंगनं शक्यता गाळल्या, कामानं आकडे भरले.

यातली खाचखोच अशी की ही युक्ती चालते ती दृष्टिकेंद्र साच्यातून काढल्यासारखं आहे म्हणून. जिथे प्रत्येक न्यूरॉन वेगळा, तिथे अज्ञात आकडे कोटींत जातात आणि चाळणीची भोकं घमेल्याएवढी होतात.

उंदराच्या बाबतीत वरून ओतायचं 'काहीतरी' थेट मोजलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या मायक्रॉन्स प्रकल्पात उंदराला आधी व्हिडिओ दाखवले आणि मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या सुमारे ७५,००० न्यूरॉनची हालचाल टिपली. मग तोच घन मिलिमीटर कापून त्यातल्या दोन लाखांवर पेशी आणि ५२ कोटींवर जोड नोंदवले. रूळ आणि वेळापत्रक, दोन्ही एकाच प्राण्याचं. त्यातून निघालेला एक नियम असा: एकसारख्या गोष्टींना प्रतिसाद देणारे न्यूरॉन एकमेकांशी जास्त जोडलेले असतात, जवळ असण्यातून जेवढं येईल त्याहून जास्त. एआयसाठी असा नियम ५२ कोटी जोडांच्या यादीपेक्षा मोलाचा. नियम एका ओळीत मावतो.

आणि नियमच का हवा, याचा हिशेब पाठ असावा असा आहे. माणसाच्या जनुकसंचात साधारण ३ अब्ज अक्षरं, अक्षराला २ बिट, म्हणजे सगळं मिळून ७५० मेगाबाइट. एका सिनेमाची फाइल. मेंदूत ८,६०० कोटी न्यूरॉन, जोड १०० लाख कोटींच्या आसपास. प्रत्येक जोड 'कुणाकडे जायचं' हे लिहून ठेवायचं तर पत्त्याला ३७ बिट लागतील. एकूण ४५० टेराबाइटच्या वर, म्हणजे जनुकसंचाच्या सहा लाख पट. ते त्यात मावणारच नाही. म्हणून जनुकं पत्ते लिहीत नाहीत, 'या जातीच्या पेशीनं त्या जातीकडे फांदी काढावी' असे नियम लिहितात आणि उरलेलं अनुभवावर सोडतात. अँथनी झॅडर यांनी २०१९ मध्ये या अरुंद वाटेचा मुद्दा मांडला: जन्मतः येणारी हुशारी या नियमांत आहे. तिला पर्याय म्हणून आपण एआयला इंटरनेटभर मजकूर भरवतोय. कृमीची गोष्ट वेगळी. त्याचा जनुकसंच १० कोटी अक्षरांचा, २५ मेगाबाइट, आणि वायरिंग काही किलोबाइटचं. तो सगळं पाठ करून जन्माला येऊ शकतो. म्हणून कृमीवरून माणसाकडे उडी मारणारी तुलना दिसली की सावध व्हावं.

वायरिंगमधून थेट अल्गोरिदम मिळाल्याचं सगळ्यात साफ उदाहरण पुन्हा चिलटाचंच. वास ओळखणाऱ्या साधारण ५० वाहिन्या पुढे २,००० केनयन पेशींना जोडलेल्या असतात. प्रत्येक केनयन पेशी फक्त सहाएक वाहिन्यांची बेरीज करते. मग एपीएल नावाचा एकच न्यूरॉन सगळ्यांना दाबतो आणि सर्वांत जोरात असलेल्या ५%, म्हणजे शंभरेक, पेशी तेवढ्या बोलत्या राहतात. ते शंभर म्हणजे त्या वासाचा ठसा. संजय दासगुप्ता, चार्ल्स स्टीव्हन्स आणि साकेत नवलखा यांनी २०१७ मध्ये दाखवलं की संगणकशास्त्रात 'सारखं दिसणारं शोधा' यासाठी जे हॅशिंग (मोठ्या माहितीचा छोटा ठसा काढणं) वापरतात त्याचीच ही उलटी आवृत्ती आहे. आपण आकडे कमी करतो, चिलट ४० पट वाढवतं आणि मग बहुतेक पुसून टाकतं. तेवढ्याच लांबीच्या ठशात त्यांची पद्धत तीन प्रचलित डेटासंचांवर सरस ठरली.

हे संध्याकाळभरात करून पाहता येतं. हातानं लिहिलेल्या आकड्यांची ती ७८४ पिक्सेलची चित्रं घ्या, प्रत्येक चित्रातून त्याची सरासरी वजा करा. ही पायरी वगळली तर जाड पेनानं लिहिलेल्या आकड्याच्या सगळ्याच बेरजा फुगतात. चिलटातही वासाची तीव्रता आधीच्या टप्प्यात सपाट केली जाते. ७,८४० ओळींचं शून्य-एकचं यादृच्छिक कोष्टक करा, प्रत्येक ओळीत ७८ एक. गुणाकार म्हणजे नुसती बेरीज: सव्वासहा लाखांच्या आत बेरजा, जिथे भरगच्च कोष्टकाला ६१ लाखांवर गुणाकार लागले असते. मग सर्वांत मोठ्या ३९२ बेरजा ठेवा, बाकी शून्य. पूर्ण क्रमवारी लावू नका, नमपायमधलं 'आर्गपार्टिशन' वापरा, वेळ वाचतो.

आणि आता विरजण. हेच जीपीयूवर (एआयची गणितं ज्यावर चालवतात त्या चिपवर) चालवलं तर भरगच्च गुणाकार बऱ्याचदा जास्त वेगानं होतो, ९०% शून्यं असूनही. जीपीयू शेजारी-शेजारी ठेवलेले आकडे एकदम उचलतो. विखुरलेले ७८ पत्ते शोधत फिरणं त्याला परवडत नाही. मेंदूत तार हीच स्मृती आणि तीच गणना, त्यामुळे शून्याला खर्चच नाही. मेंदूपासून घेतलेल्या कितीतरी चांगल्या कल्पना इथेच अडतात. २० वॅटमध्ये चालणाऱ्या मेंदूचे गोडवे गाताना हे सांगायचं राहून जातं. आयबीएमची ट्रूनॉर्थ आणि इंटेलची लोइही या चिप त्यासाठीच काढल्या गेल्या, पण त्यांच्यावर शिकवायची पद्धत आणि साधनं अजून जीपीयूच्या पासंगालाही नाहीत.

मागचा इतिहास थोडक्यात. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या दृष्टिकेंद्रात रेघांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी शोधल्या (१९५९ आणि १९६२), त्यावरून कुनिहिको फुकुशिमा यांचं निओकॉग्निट्रॉन (१९८०), पुढे यान लकन यांचं चित्रं ओळखणारं कॉन्व्होल्यूशन जाळं (१९८९). मेंदूनं एआयला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच, आणि ती एकाही जोडाचा फोटो न काढता मिळाली. बॅकप्रोपगेशन, म्हणजे उत्तरातली चूक मागं पोचवत आकडे सुधारणं, मेंदूतून आलं नाही. फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ मध्येच 'मेंदूत असं काही होणं अवघड' असं बजावलं होतं. आजच्या चॅटबॉटचा पाया असलेला २०१७ चा ट्रान्सफॉर्मरही मेंदू बघून काढलेला नाही. डोपामिनच्या बाबतीत तर गंगा उलटी वाहिली: रीइन्फोर्समेंट लर्निंगमधलं (बक्षिसातून शिकण्याचं) गणित आधी होतं, डोपामिनच्या पेशी तसंच वागतात हे १९९७ मध्ये शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू यांनी दाखवलं.

आजही उधारी त्याच दिशेची आहे. न्यूरॉन रंगवतं ते कॉन्व्होल्यूशन जाळं. जोड कुठलं रसायन सोडतो हे काळ्या-पांढऱ्या फोटोवरून ओळखतं तेही जाळंच, न्यूरॉनमागं ९४% अचूकतेनं. माणसाला तो फरक डोळ्यानं दिसत नाही. मेंदूच्या वायरिंगनं एआयला जे दिलं, त्यापेक्षा एआयनं वायरिंगच्या अभ्यासाला कितीतरी जास्त दिलंय. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या ब्रेन सेंटरनं डिसेंबर २०२४ मध्ये गर्भातल्या मेंदूचा 'धरणी' हा ५,१३२ कापांचा संच खुला केला, त्याची गल्लत मात्र यात करू नये. तो पेशींच्या पातळीवरचा आहे, त्यात जोड दिसत नाहीत.

ज्यांना चिलटाच्या नकाशावर हात चालवायचाय त्यांच्यासाठी. फ्लायवायरच्या कोडेक्स या संकेतस्थळावरून जोडण्यांची सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, घ्या, आवृत्ती ७८३. ती एक्सेलमध्ये उघडू नका. न्यूरॉनचा क्रमांक १८ अंकी असतो, एक्सेल १५ अंकांनंतर शून्यं भरतं आणि दोन वेगळे न्यूरॉन एक होऊन बसतात. पांडाजमध्येही (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) तो स्तंभ ६४ बिटचा पूर्णांक म्हणूनच वाचा. एका रिकाम्या जागेमुळे तो दशांश झाला की तोच घोटाळा. जुन्या लेखांतले क्रमांक ६३० आवृत्तीचे असतात आणि मुद्रितशोधनात न्यूरॉन बदलला की त्याचा क्रमांकही बदलतो, त्यामुळे दोन आवृत्त्या मिसळू नका. फाइलमध्ये एकाच जोडीच्या मेंदूच्या भागागणिक वेगळ्या ओळी असतात, त्यांची बेरीज आधी करून घ्या.

पाचपेक्षा कमी जोड असलेल्या जोड्या गाळल्या की सुमारे २७ लाख जोडण्या उरतात. भरगच्च कोष्टक करायला गेलात तर १,३९,२५५ चा वर्ग गुणिले ४ बाइट, म्हणजे जवळपास ७८ जीबी. लॅपटॉप तिथेच आडवा. शून्यं न साठवणाऱ्या विरळ कोष्टकात तेच २२ मेगाबाइटच्या आसपास बसतं. जोडाच्या रसायनावरून चिन्ह द्यायचं, ढकलणाऱ्याला अधिक आणि आवरणाऱ्याला उणे: अॅसिटिलकोलीन अधिक, गाबा उणे, आणि ग्लुटामेटही उणे. सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक वाचून आलेले ग्लुटामेटला अधिक धरतात आणि सगळं जाळं पेटतं. डोपामिन, सेरोटोनिन, ऑक्टोपामिन यांना चिन्ह देणं हा अंदाजच. एकदा वगळून, एकदा घालून पाहा.

चालवायचं असेल तर फिलिप शिऊ आणि सहकाऱ्यांचं २०२४ चं साधं प्रारूप पुरे, ब्रायन२ या न्यूरॉनची नक्कल चालवणाऱ्या पायथन-साधनात चालतं. विश्रांतीचं व्होल्टेज उणे ५२ मिलिव्होल्ट, उंबरठा उणे ४५, पेशीच्या आवरणाचा वेळ-स्थिरांक २० मिलिसेकंद, जोडाचा ५, विलंब १.८, उडाल्यावरची विश्रांती २.२ मिलिसेकंद आणि एका जोडाचं वजन ०.२७५ मिलिव्होल्ट. हे सगळे आकडे सर्व न्यूरॉनना एकच. साखर ओळखणाऱ्या न्यूरॉनना चेतवा, सोंड बाहेर काढणारा एमएन९ न्यूरॉन उडतो का पाहा. उडतो. एवढ्या ओबडधोबड प्रारूपात तो उडतो, हेच नवल. पण हा रस्ता तोंडापासून सोंडेपर्यंत थोड्याच टप्प्यांचा आहे. शिवाय या प्रारूपात न्यूरॉन आपणहून कधीच उडत नाहीत, त्यामुळे सतत गुणगुणणाऱ्या भागांबद्दल त्याच्यावर विसंबू नका.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक जण याच्या पुढे जाऊन हेच वायरिंग न्यूरल नेटवर्कच्या मधल्या थरात घालतात, 'जैविक जाळं ४% सरस' असा तक्ता काढतात आणि थांबतात. तुलना कशाशी केली ते बघा. सरसकट यादृच्छिक जाळ्याशी केली असेल तर त्या ४ टक्क्यांना अर्थ नाही. आधी दोन्ही कोष्टकांची वर्णपट-त्रिज्या (स्पेक्ट्रल रेडियस, जाळ्यात संकेत किती वेळ घुमतो ते ठरवणारा आकडा) सारखी करा, समजा ०.९. ती वेगळी असेल तर फरक स्मृतीच्या लांबीचा असतो, वायरिंगचा नव्हे. मग दुसरं असं बनावट जाळं करा ज्यात प्रत्येक न्यूरॉनच्या येणाऱ्या-जाणाऱ्या तारांची संख्या तीच आहे, फक्त टोकं अदलाबदल केली आहेत. जोडण्यांच्या दहापट अदलाबदली, म्हणजे २ कोटी ७० लाख. तिसरं जाळं असं की तारा त्याच, वजनं पत्त्यांसारखी पिसलेली. चौथं, अदलाबदल फक्त एकाच पेशी-प्रकाराच्या आत. त्या दुसऱ्या जाळ्यानंच तेवढे गुण मिळवले तर श्रेय नुसत्या तारांच्या संख्येचं. चौथ्यापर्यंत फरक टिकला तर वायरिंगमध्ये खरंच काहीतरी आहे, आणि मग पुढचं वर्ष त्याच्यामागं घालवायला हरकत नाही.

वाहन लेनमध्ये ठेवणाऱ्या १९ न्यूरॉनच्या जाळ्याचा (लेखनर, हसानी आणि सहकारी, २०२०) दाखलाही असाच तपासून घ्यावा. कल्पना कृमीच्या वायरिंगवरून घेतलेली, काम चोख, पण कॅमेऱ्याचं चित्र त्या १९ जणांपर्यंत पोचायच्या आधी नेहमीचं कॉन्व्होल्यूशन जाळं बसवलेलं आहे. डोळे आपले, सुकाणू कृमीचं.

प्रत्येक जाळं वेगवेगळी यादृच्छिक बीजं (रँडम सीड) देऊन निदान २० वेळा चालवा, एकाच धावेवर काही ठरवू नका. अदलाबदलीचं वर्तुळ साध्या पायथनमध्ये लिहिलंत तर ताटकळाल, पायथनचा वेग वाढवणारं नंबा वापरा. आणि हे सगळं मे महिन्यात करणार असाल तर रात्री अकरानंतर लावा. दुपारच्या ४५ अंशांत लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो, आणि सकाळी संपायची धाव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते.